भीतीचा दंड

घाबरलेल्या मुलाला पाहून ज्याला हसू येत नाही, असा मोठा माणूस विरळाच. अंधाराला, पाण्याला, कुत्र्याला भिणाऱ्या पोराभोवती आपण गोळा होतो, 'अरे, एवढ्याशाला घाबरलास?' असे म्हणतो आणि हसतो. त्या हसण्यात वाईट हेतू नसतो. पण हेतू चांगला असला म्हणजे परिणामही चांगला होतोच असे नाही. ज्या कुटुंबाची ही गोष्ट आहे, त्याला हे उन्हाळ्याच्या सुट्टीत, भर दुपारी, डोळ्यांदेखत कळले.

कुटुंबातले वडील एका कागद कारखान्यात बॉयलरवर सुपरवायझर होते. वाफेचा दाब, झडपा, इशाऱ्याच्या घंटा यांच्यावर नजर ठेवण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. कारखान्यात त्यांच्या शब्दाला वजन होते आणि घरातही ते वजन कमी होऊ नये, याची ते काळजी घेत. त्यामुळे पत्नीसुद्धा थट्टेने त्यांना 'सुपरवायझर' म्हणे. मुलगा तेरा वर्षांचा. त्याला सगळे दादा म्हणत. मुलगी नऊ वर्षांची; एका जागी कधी ठरत नसे म्हणून तिचे नाव भिंगरी पडले होते. भिंगरीला मात्र पुष्कळ गोष्टींची भीती वाटे, आणि वाटली की ती लगेच सांगून मोकळी होई. सुपरवायझरांना तिच्यातला हा एवढाच दोष डाचत असे.

त्या वर्षी त्यांनी तळ्याकाठचे एक घर आठवडाभरासाठी भाड्याने घेतले होते. सुपरवायझरांची थोरली बहीण, म्हणजे मुलांची आत्या, याही सोबत येणार होत्या. अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात येणारे फोन घ्यायचे, हे काम वर्षानुवर्षे करून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी बॅगा भरताना सुपरवायझरांनी फर्मान काढले.

"सुट्टीचा नियम एकच. 'भीती वाटते' असं जो म्हणेल, त्यानं त्या दिवशी सगळ्यांची ताटं घासायची!"

"म्हणजे भिंगरीच घासणार!" दादाने टाळी वाजवली. "आपण जेवून हात पुसायला मोकळे!"

"अहो, लहान आहे हो ती," आई म्हणाली.

"लहानपणीच भीती मोडायची असते. मोठेपणी हाडं मोडतात, भीती मोडत नाही."

"आणि तोंडानं नाही म्हटलं, पण पोटात गोळा आला तर रे?" आत्यांनी विचारले.

"पोटातल्या गोळ्याला दंड नाही, ताई. तो माफ!"

सगळे हसले. आत्यासुद्धा हसल्या. भिंगरी तेवढी आपल्या चपला पिशवीत कोंबत राहिली.

पहिल्या दिवशी त्या घराचा लाकडी जिना करकरला. भिंगरी मधल्या पायरीवर थांबून म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते." दंड झाला. बेसिनला हात पुरेना म्हणून तिला स्टुलावर उभे करावे लागले. ती ताटे घासत असताना सुपरवायझर मागे उभे राहून "कडा राहिल्या बघ, भागूबाई!" असे कौतुकाने सांगत होते. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात एक भलामोठा कोळी निघाला. पुन्हा दंड. त्या वेळी फेस डोळ्यांत गेल्याचे निमित्त करून ती बराच वेळ रडली. तिसऱ्या दिवशी ती काहीच बोलली नाही. चौथ्या दिवशीही नाही.

"बघितलंस, ताई? औषध लागू पडलं!"

"रोग गेला, की रोग्यानं सांगायचं सोडलं, ते आधी बघ," आत्या म्हणाल्या. पण गुण आल्याच्या आनंदात असलेल्या वैद्याला असले प्रश्न ऐकू येत नाहीत.

त्याच दुपारी सगळे तळ्यावर गेले. मुलांसाठी रबराची, हवेने फुगवायची गादी आणली होती. सुपरवायझरांनी ती स्वतः पायपंपाने फुगवली, झाकण दाबून पाहिले आणि तिला नायलॉनची दोरी बांधून दोरीचे दुसरे टोक काठावरच्या खुंटीला अडकवले. भिंगरीला पोहता येत नव्हते. आदल्या दिवशी ती याच दोरीच्या भरवशावर गादीवर बसली होती. आज ती बसली, गादी उथळ पाण्यात तरंगू लागली आणि सुपरवायझरांच्या मनात एक उदार विचार आला.

"आता दोरी कशाला? आता माझी वाघीण घाबरत नाही. हो की नाही?"

भिंगरीने दोरीकडे पाहिले, मग बाबांकडे पाहिले.

"नाही घाबरत," ती म्हणाली.

सुपरवायझरांनी गाठ सोडली.

थोडा वेळ ते गादीजवळ गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मग काठावरून चहाची हाक आली. वर येऊन त्यांनी पेला हातात घेतला, दादाशी गप्पा सुरू झाल्या. दुपारचा तापलेला वारा जमिनीकडून तळ्याकडे वाहत होता. घाम सुकवणारा म्हणून तो सगळ्यांना बराच वाटत होता. मध्येच त्यांनी पाण्याकडे पाहिले. गादी बरीच आत गेली होती. भिंगरी तिच्यावर ताठ बसून त्यांच्याकडे तोंड करून हसत होती. त्यांनी कौतुकाने अंगठा वर केला.

"पोरगी बदलली हो आपली!" ते पत्नीला म्हणाले.

आत्या मात्र पेला खाली ठेवून उभ्या राहिल्या.

"अरे, ती इतकी गप्प कशी?"

"मजेत आहे ती. हसतेय बघ."

"हसणारं पोर हलतं रे. पाय हलवतं, पाणी उडवतं. ही दगडासारखी बसलीय."

सुपरवायझरांनी हात तोंडाशी धरून हाक मारली, "भिंगरी! ठीक आहेस ना?"

पाण्यावरून बारीकसे उत्तर आले, "हो, बाबा!"

"ऐकलंस? 'हो' म्हणाली."

"माझा जन्म गेला फोनवरची 'हो' ऐकण्यात," आत्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. "हे 'हो' खरं नाही. गादीचा मागचा कोपरा बघ, खाली बसलाय. हवा जातेय. होडी काढ! पळ!"

सुपरवायझरांच्या हातातला पेला कुठे पडला, हे त्यांना नंतर आठवले नाही. घराच्या मालकाची छोटी होडी झाडाखाली होती. दादाने आणि त्यांनी ती ओढत पाण्यात घातली. दादा चढू लागला तसे ते ओरडले, "तू नको! आईजवळ थांब!" आणि त्यांनी वल्ही उचलली.

होडी वल्हवणारा माणूस जिकडे जायचे तिकडे पाठ करून बसतो. ज्या पोरीसाठी ते जिवाच्या आकांताने वल्ही मारत होते, ती त्यांना दिसत नव्हती. दिसत होता काठ, आणि काठावरची तीन माणसे. मान वळवली की हात चुकत, होडी फिरत असे.

"वळून बघू नकोस!" आत्या काठावरून सांगत होत्या. त्यांचा आवाज चढलेला होता, पण कापत नव्हता. "मी बघतेय. उजवा हात जोरात. अजून. आता दोन्ही. सरळ. सरळ जा."

सुपरवायझरांची नजर पत्नीच्या चेहऱ्यावर खिळली. पोरीचे काय चालले आहे, हे आता त्या चेहऱ्यावरूनच वाचायचे होते. ती डोळ्यांवर हात धरून पाहत होती. मग तो हात खाली आला. मग दोन्ही हात तोंडावर गेले.

"काय झालं?" ते ओरडले. कोणीच उत्तर देईना. तळ्यावर फक्त वल्ह्यांचा आवाज होता आणि त्यांच्या स्वतःच्या श्वासाचा. "अरे, कोणीतरी सांगा, काय झालं!"

"मार वल्हं!" आत्या ओरडल्या. "थांबलास तर उशीर होईल! मार!"

आणखी काही हात मारून त्यांनी वळून पाहिले. गादीवर कोणी नव्हते. अर्धी रिकामी झालेली ती रबराची पिशवी पाण्यावर वाकडीतिकडी पसरली होती. क्षणभर त्यांना जगात दुसरे काहीच दिसेना. मग पलीकडच्या कडेला पांढरी पडलेली चार बोटे दिसली, आणि त्यांच्यामागे, हनुवटीपर्यंत पाण्यात, भिंगरीचे तोंड. ओठ घट्ट मिटलेले होते. ती ओरडत नव्हती.

त्यांनी तिच्या दंडाला धरून तिला होडीत ओढले. गादी सुटेना, तिची बोटे एकेक करून उलगडावी लागली. त्यांनी तिला छातीशी धरले, तेव्हा तिचे दात वाजत होते. तशातच ती म्हणाली,

"बाबा, मी म्हटलं नाही हं. एकदासुद्धा नाही म्हटलं."

बुडणारे लेकरू मदतीची हाक मारत नव्हते, कारण हाक मारण्याला दंड होता!

संध्याकाळी भिंगरी आईच्या कुशीत झोपली. सुपरवायझर ओसरीवर येरझाऱ्या घालत होते.

"झाकणानं घात केला," ते म्हणाले. "आणि वारा. मी तपासलं होतं गं ताई, नीट दाबून तपासलं होतं."

"झाकण सैल झालं असेल. वाराही होता. पण काठ जवळ होता तेव्हा तिनं एक हाक मारली असती तर तू चालत जाऊन तिला आणली असतीस. ती हाक का नाही आली?"

सुपरवायझर येरझाऱ्या थांबवून त्यांच्याकडे वळले.

"मला कितीतरी फोन उशिरा यायचे," आत्या सांगू लागल्या. "एका माणसाच्या स्वयंपाकघरात पडदा पेटला. तो एकटाच बादल्या ओतत बसला. फोन केला तेव्हा छत पेटलं होतं. नंतर म्हणाला, 'आधी केला असता, पण एवढ्याशा आगीला गाडी बोलावली म्हणून लोक हसले असते.' त्याला आगीची भीती होतीच रे. हसण्याची त्याहून जास्त होती."

"पण ताई, मुलं धीट नको का व्हायला? जग काय त्यांना कुशीत घेणार आहे?"

"व्हायला हवीत ना! धीट माणसाला भीती कळते आणि तरी तो पाऊल टाकतो. तू तिला धीट नाही केलंस, मुकी केलीस. बरं, मला एक सांग. तुझ्या कारखान्यातल्या धोक्याच्या घंटेचा त्रास होतो म्हणून तिच्यात चिंधी कोंबणारा तो माणूस. त्याचं तू काय केलं होतंस?"

"कामावरून काढला. काढणारच! घंटेचा आवाज बंद केला म्हणून आतला दाब थोडाच उतरतो? उलट आपल्याला कळतच नाही की..."

सुपरवायझर बोलता बोलता थांबले. त्यांनी ओसरीचा खांब धरला.

"अरेरे! ताई, मी माझ्या हातानं चिंधी कोंबली!"

आत्या उठून त्यांच्याजवळ आल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मीही हसले होते त्या दिवशी. एकटा तूच नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरांनी दोन्ही मुलांना जवळ बसवले. समोर बसलेल्यांना सूचना द्यायची त्यांना सवय होती. कबुली द्यायची नव्हती.

"काल होडीतून मला तू दिसत नव्हतीस, भिंगरी. मला भीती वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. तो नियम चुकीचा होता आणि तो मी केला होता. आजपासून तो नाही."

"बाबा, मोठ्यांना पण वाटते?" भिंगरीने विचारले.

"वाटते. आम्ही सांगत नाही, एवढंच. ते आमचं चुकतं."

भिंगरीने थोडा विचार केला. "मग मी आज पाण्यात नाही जाणार. मला पाण्याची भीती वाटते," ती म्हणाली, आणि बाबांच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली.

"बरं. आज आपण काठावरच बसू. ज्या दिवशी तुला वाटेल, त्या दिवशी एकच पाऊल टाकू. माझा हात धरून."

दादा इतका वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. बहिणीला आई आत घेऊन गेली तरी तो उठला नाही.

"बाबा, एक सांगू? हसणार नाही ना?"

"नाही हसणार."

"कित्येक महिने झाले, शाळेच्या बसथांब्यावर मोठ्या वर्गातली तीन मुलं मला अडवतात. भिंतीमागं नेऊन मारतात. सुट्टी संपली की परत..." त्याचा आवाज फाटला. "मला शाळेत जायची भीती वाटते."

ज्या मुलाला एकदाही दंड झाला नव्हता, तो हे बोलत होता! 'मग तूही एक ठेवून द्यायचीस ना!' हे वाक्य सवयीने सुपरवायझरांच्या जिभेच्या टोकापर्यंत आले. त्यांनी ते गिळले. कितीतरी महिने हे पोर त्यांच्यासमोर जेवत होते, हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि त्यांना वाटत होते, सगळे ठीक आहे.

त्यांनी मुलाचा हात हातात घेतला. "सांगितलंस, फार बरं केलंस. आता पहिल्यापासून सांग. मी ऐकतोय. मग काय करायचं ते आपण दोघं मिळून ठरवू."

वाचकहो, मुलांनी धीट व्हावे, असे आपल्या प्रत्येकाला वाटते आणि ते योग्यच आहे. पण भीतीची थट्टा केल्याने भीती जात नाही. ती फक्त आपल्याला सांगितली जाणे बंद होते, आणि मग मूल संकटात एकटे पडते. आपल्या घरातले एखादे लेकरू आजकाल काहीच तक्रार करीत नसेल, तर आनंद मानण्याआधी त्याच्याशेजारी जाऊन बसा आणि न हसता विचारा. 'मला भीती वाटते' असे म्हणायची जिथे कोणालाही भीती वाटत नाही, ते घर खरे सुरक्षित!