पोटावर सूर्य, पाठीवर ग्रह

मित्रांनो, मी एक जुना फिरता फळा आहे. माझी पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हे मात्र मला विचारू नका. त्यावरून माझा जन्मभर गोंधळ झाला आहे.

सुताराने मला दोन्ही अंगांनी काळा रंग दिला, चौकटीत बसवले आणि गर्रकन फिरवून पाहिले. "झकास!" तो म्हणाला. तेवढेच माझे फिरणे. पुढे मी अवकाश संशोधनाच्या एका संस्थेत आलो आणि दोन खोल्यांमधल्या रुंद दारात आडोसा म्हणून उभा राहिलो. एका बाजूला सूर्याचा अभ्यास करणारी मंडळी, दुसऱ्या बाजूला पृथ्वीशेजारच्या एका ग्रहाचा. दोघांनीही आपापल्या बाजूला लिहून ठेवले, ‘पुसू नये, फिरवू नये’.

सूर्यावर वादळ उठले की अलीकडच्या खोलीतले काका माझ्या पोटावर एक उंच टोक काढत आणि पुटपुटत, "निघतात जोरात, जातात कुठे कोण जाणे!" पलीकडे ताई होत्या. त्यांचे यंत्र त्या ग्रहाभोवती घिरट्या घाली आणि त्याचे आकडे मधूनच उसळी मारत. ती उसळी ताई माझ्या पाठीवर काढत. मला काही कळेना. पोटावर उमटते तेच दोन-तीन दिवसांनी पाठीवर कसे? खडू आरपार झिरपतो की काय? मलाच काहीतरी झाले आहे, असे वाटून मी धास्तावलो. पण सांगणार कोणाला?

एक दिवस साहेब ताईंना म्हणाले, "तुमचं यंत्र बिघडलंय. उद्या बंद करू."

"इतकी वर्षं घातलीत हो मी त्यात!"

"मग उसळी का येते, ते सांगा."

ताई सगळे आकडे पुन्हा मांडू लागल्या. जागा संपली. पुसायला हात होईना, म्हणून त्यांनी मला फिरवले. समोर काकांची टोके! ताईंचा पारा चढला.

"काका, माझं यंत्र बंद पडतंय आणि तुम्ही त्याची नक्कल काढताय? चेष्टा वाटते का?"

काका चक्रावले. "तुझं यंत्र कसलं? अगं, ही माझी वादळं आहेत!"

त्यांनी मला फिरवले. ताईंनी परत फिरवले. मला गरगरू लागले.

"दोन-तीन दिवसांनी माझ्याकडे पोचतात," टोकांखालच्या तारखा ताडून पाहत ताई हळूच म्हणाल्या.

"तुझ्याकडे होय!" काका मटकन खुर्चीत बसले. "आणि मी इथे पृथ्वीवर शोधतोय!"

यंत्र बिघडले नव्हतेच. ते इमानेइतबारे वादळे मोजत होते. साहेबांनी ते चालू ठेवले, तेव्हा ताईंना रडू आवरेना आणि मला हायसे वाटले.

आता माझ्यावरचे ‘फिरवू नये’ पुसले गेले आहे. दोन्ही खोल्यांची माणसे कुठूनही लिहितात, त्यामुळे माझा गोंधळ उलट वाढलाच आहे. पण मित्रांनो, एक गोष्ट मनाला लागून राहते. इतकी वर्षे त्या दोघांमध्ये जे अंतर होते, ते माझ्या जाडीएवढे, जेमतेम बोटभर. म्हणून विनवतो, मला खुशाल पुसा. पण त्याआधी एकदा फिरवून पाहा.