दुखणं पुसणारं पाणी

कुणी बोलत नव्हते. गोविंदाबाबाच्या अंगणात गुरुवारची साठ-सत्तर माणसे दाटीने बसली होती आणि सगळ्यांची नजर वीतभर पांढऱ्या कापडावर खिळली होती. कापडावर निळ्या शाईने लिहिले होते, ‘गंगू. पायाची जखम.’ बाबाने ते मातीच्या माठात बुडवले, डोळे मिटले, आणि ती शांतता इतकी लांबली की एका म्हाताऱ्याचा खोकलाही घशातच थांबला. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नर्स धम्मदीपाला त्या शांततेत भक्तीपेक्षा भीती अधिक ऐकू आली. तपासणीचा कागद हाती येण्यापूर्वी दवाखान्याच्या बाकावर माणसे अशीच गप्प असतात.

बाबाने कापड वर काढले. ते कोरे होते.

“पाह्यलं?” बाबा म्हणाला. “दुखणं लिव्हलं का अर्धं फडक्यावर उतरते, अन् उरलेलं अर्धं माहा माठ पेते. हे पाणी नोहे मायबाप, हे धुतलेलं ऊन आहे. डाक्टर सुई टोचते. मी फकस्त पुसतो.”

“अन् माही कंबर काहून नाई पुसल्या गेली मंग?” समोरच्या रुखमाबाईने विचारले.

“तू बालपेननं लिव्हलं होतं, माय. बालपेनचं दुखणं चिवट राह्यते. पुढल्या बिस्तरवारी शाईचा पेन आण.”

ज्या शक्तीला बॉलपेन पुसता येत नाही, तिच्याविषयी त्या अंगणात एकालाही शंका आली नाही. रुखमाबाईनेसुद्धा मान डोलावली.

माठाभोवती कापूर जळत होता, पाण्यात केवडा होता. पण त्या दोन्ही वासांच्या तळाशी तिसरा एक वास होता. कोरडा, टोकदार, नाकातून थेट कपाळात चढणारा. धम्मदीपाला तो चांगला ठाऊक होता; त्याच संशयाने ती आज इथे आली होती. आरोग्य उपकेंद्रात रोज सकाळी ती बादलीत पाणी मोजून, ब्लिचिंग पावडर मोजून तोच वास कालवीत असे आणि वापरलेले चिमटे, कात्र्या त्यात बुडवून ठेवीत असे.

चार वर्षांपूर्वी ती नर्स म्हणून कारंज्याकडच्या धनजपासून आत असलेल्या या गावात आली. गाव तिच्याकडून सुई टोचून घेई, गोळ्या नेई. मात्र तिच्या खोलीत बसून चहा प्यायला कुणी थांबत नसे. कारण कुणी सांगत नसे, आणि तिलाही ते विचारावे लागत नसे. थांबे ती एकटी गंगूमावशी. दर दोन दिवसांनी पायाचे ड्रेसिंग करून घ्यायला येई, पाय स्टुलावर ठेवून गावभरच्या कागाळ्या सांगे आणि जाताना दोन्ही कप स्वतः विसळून पालथे घाली. महिना झाला, मावशी यायची बंद झाली होती. तेव्हापासून उपकेंद्रात संध्याकाळ लवकर येत असे आणि उशिरापर्यंत बसून राहत असे. त्या संध्याकाळशी बोलायचे काय, हे धम्मदीपाला सुचत नसे.

“सांग गंगू, लोकाइले सांग,” बाबा म्हणाला.

मावशी उभी राहिली. साठ माणसे आपल्याकडे पाहत आहेत, या जाणिवेने तिचा चेहरा उजळला होता.

“पह्यले जखमीचा वास ये. सून ताट दुरून सरकवे. आता वास नाई. साखरीच्या बिमारीच्या गोळ्या बंद केल्या मी. सकाळी तीन ओंजळी हेच पाणी पेतो. घसा जळते, पन बाबा म्हंते, पाप जळून राह्यलं.”

तिने पाऊल पुढे केले. धम्मदीपाने दुरूनच पाहिले. तळव्याची जखम खरेच स्वच्छ दिसत होती. पण भोवतीची कातडी भाजल्यासारखी पांढुरकी झाली होती आणि करंगळी काळी पडली होती. मावशीला ती दुखत नव्हती, कारण रक्तात वाढलेल्या साखरेने त्या पायाची जाणीव केव्हाच नेली होती. हा पाय वाचवायचा तर आठवडाही हाती नव्हता.

ती वाट काढीत पुढे आली.

“बाबा, या माठातलं घोटभर पाणी देता?”

“प्याले पाह्यजे का, शिस्टर? या, तुमचंही पुसू.”

“पाहाले पाह्यजे.”

तिने पिशवीतून काचेच्या दोन नळ्या आणि एक लहान बाटली काढली. जंतू मारण्यासाठी नळाच्या पाण्यात क्लोरीन पोचते की नाही, हे त्या बाटलीतल्या थेंबांनी तपासण्याचे काम तिच्याकडे असे. क्लोरीन असले की पाणी पिवळे होते, फार असले की नारिंगी. पहिली नळी तिने अंगणातल्या नळाखाली भरली आणि थेंब टाकले. पाणी जसेच्या तसे राहिले.

“तीन महिने झाले, गावातल्या एकाबी नळाचं पाणी पिवळं होत नाई,” ती म्हणाली. “लेकरं जुलाबानं वाळून चालली, ते त्याच्यानं.”

दुसऱ्या नळीत तिने माठातले पाणी घेतले. थेंब पडताच ते भडक नारिंगी झाले.

“हे तं गाजरावानी झालं वं,” रुखमाबाई पुटपुटली.

धम्मदीपाने बाबाचाच पेन उचलला, एका कोऱ्या फडक्यावर ‘गोविंदाबाबा’ असे लिहिले आणि फडके माठात बुडवले. बाहेर आले तेव्हा ते कोरे होते.

“आता बाबा गेले का?”

कुणीतरी हसले. मग पिशवीतल्या दुसऱ्या बाटलीतून उपकेंद्रातले चिमटे बुडवायचे पाणी तिने वाटीत ओतले आणि दुसऱ्या फडक्यावर ‘आरोग्य’ लिहून त्यात बुडवले. ती अक्षरेही गेली.

“दुखणं लिव्हा का सुख लिव्हा, हे पाणी वाचत नाई. शाईचा रंग खाते, बस. बालपेनच्या रंगावर त्याचं चालत नाई. ही ब्लिचिंग पावडर आहे, पंचायतीच्या टाकीत टाकाची.”

सगळ्यांच्या माना गोविंदाकडे वळल्या. बाबा होण्यापूर्वी अकरा वर्षे तो पंचायतीचे पाणी सोडत आला होता. टाकीत पावडर कालवण्याचे काम अजूनही त्याच्याकडेच होते. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजातला बाबा निघून गेला होता.

“अकरा वर्स टाकीत टाकली. तुमी म्हना, चहाले वास येते, गोविंदा. डाळीले चव नाई, गोविंदा. माह्या सायकलीची हवा सोडली तुमी लोकाइनं. मंग टाकनं बंद केलं. एक डाव टाकी धुता धुता पायाची जखम त्याच पाण्यात भिजली अन् आठ दिसात सुकली. मले वाटलं, हे लोकाइले देवावं. टाकीत टाकलं तं शिव्या देल्या, माठात टाकलं तं पाया पडले. मी काय करू?”

धम्मदीपाला क्षणभर त्या माणसाचा राग यायचा थांबला.

“मंग माही जखम कोनं साफ केली?” गंगूमावशीने विचारले. तिचा आवाज बारीक झाला होता.

“या पाण्यानंच, मावशी. खोटं नाई सांगत मी. शंभर वर्सापह्यले महायुद्धात शिपायाइच्या सडक्या जखमा डाक्टर लोकं असल्याच औषधानं धूत. आजबी दवाखान्यात वापरतात. पन पातळ करून, मोजून, कातडी जळणार नाई असं ताजं बनवून. ते वरून लावाचं आहे, प्याचं नाई. टाकीभर पाण्यात मोजून टाकली तं ते पाणी प्याचं. माठात मूठभर टाकली तं तेच पाणी घसा जाळते. अन् रक्तातली साखर ते पुसत नाई. पाय वरून साफ झाला, आतून सडून राह्यला. तुमची करंगळी पाहा.”

मग ती लोकांकडे वळली. साठ चेहऱ्यांसमोर उभे राहून बोलण्याची तिला सवय नव्हती.

“मी तुमचा देव हिसकाले नाई आली. एवढंच म्हंतो, कोणी काई लावाले देलं, प्याले देलं, तं विचारा. याच्यात काय आहे, किती आहे, कायले आहे. जो सांगत नाई त्याच्या हातचं घेऊ नका. माह्याबी बाटलीले विचारा. औषधाले माप राह्यते अन् ते माप तुमाले पाहाले भेटलं पाह्यजे. अन् टाकीत पावडर पडू द्या. वास येईन, पन लेकरं वाचतीन.”

माणसे एकेक करून उठू लागली. कुणी बाबाला बोल लावला नाही, कुणी तिचेही ऐकले असे दाखवले नाही. फक्त रुखमाबाई जाता जाता थांबली.

“गोविंदा, उद्या टाकीत टाकजो बरं.”

गोविंदाने मान खाली घातली.

धम्मदीपा गंगूमावशीपुढे उकिडवी बसली आणि तिचा पाय तिने हलकेच मांडीवर घेतला. पाऊल गार होते.

“मावशी, दुपारची एसटी आहे. कारंजाले जाऊ, मोठ्या दवाखान्यात. मी राह्यतो तुमच्यासंग. करंगळी गेली तं जाईन, पाय राहीन. येता ना?”

मावशी त्या काळ्या बोटाकडे पाहत राहिली, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. या एका महिन्यात सून तिला जवळ बसून वाढू लागली होती. दर गुरुवारी या अंगणात तिचे नाव घेऊन तिला पुढे बोलावले जात होते. तेवढ्यापुरती ती कुणीतरी झाली होती. आणि जिच्या खोलीत बसून तिने चार वर्षे चहा प्यायला, तिनेच आज सगळ्यांदेखत ते तिच्याकडून काढून घेतले होते. हे धम्मदीपाला कळत होते. कळूनही ती दुसरे काही करू शकली नसती.

“आज नाई गेलो तं उशीर होईन, मावशी. येता ना?”

मावशीने आपला पाय तिच्या मांडीवरून काढून घेतला. पदर डोक्यावर ओढला. भिंतीला हात लावत ती उठली, रिकाम्या होत चाललेल्या अंगणातून लंगडत फाटकापाशी गेली, आणि मागे न पाहता घराच्या वाटेने उन्हात चालू लागली.