पुढचं टोक

दादाने बूट काढले, मोजे बुटात कोंबले आणि तो अनवाणीच हिरवळीवर उतरला. लोडर जिथे नुकताच वळला होता तिथे त्याने अंगठा दाबून पाहिला. गवत बाजूला सरकून खालची माती उघडी पडली होती.

"सोललंय," तो म्हणाला.

"जरासंच," दुकानदार हसला. "दुकानामागची ही हिरवळ मशीन चालवून बघायलाच ठेवलीये, साहेब. दिवसातून दहा वेळा हिची हजामत होते."

"आम्ही लोकांच्या बागेत काम करतो. तिथे एकदा केली तरी पुन्हा दारात उभं करत नाहीत."

धाकटा लोडरवरून खाली उतरला. रबरी पट्ट्यांवर चालणारं, रणगाड्याच्या पिल्लासारखं ते मशीन होतं. पुढच्या चिमट्यात ओंडका अजून लटकत होता.

"खाली फळ्या टाकल्या की काही होत नाही," धाकटा म्हणाला. "आणि जोर बघ ना याचा. चढावर कसलं पळेल!"

"आपल्याकडे चढ कुठाय?"

धाकट्याने उगाच हातमोजे झटकले.

वीस वर्षं दोघे भाऊ लोकांच्या बागेतली झाडं तोडत होते. वाळलेलं झाड, भिंतीवर कललेलं झाड, शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर आलेलं झाड. तोडणं सोपं, ओंडके बाहेर काढणं अवघड. ते काढायचे खांद्यावरून, दादा पुढे आणि धाकटा मागे. पुढच्याला मागचं दिसत नाही, म्हणून मागच्याने पाय रोवले की "चल" म्हणायचं, मगच पुढच्याने पाऊल टाकायचं. त्यामुळे धाकट्याला दादाच्या तोंडापेक्षा त्याची मान जास्त पाठ होती. दादाचे केस पांढरे व्हायला लागले ते आधी मानेवर, आणि ते आधी धाकट्यालाच कळलं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी दादाच्या कमरेचा फोटो उजेडासमोर धरला आणि वजन उचलणं बंद म्हणून सांगितलं. कायमचं.

"पाण्याची बादली?" दादाने विचारलं होतं.

"अर्धी."

मग वहिनीचा फोन आला होता. "भाऊजी, यांना काहीतरी काम लावा हो. दिवसभर खिडकीत बसतात. भाजी चिरायला दिली तर तिचेही ओंडके करतात."

त्या दिवसापासून धाकट्याच्या डोक्यात हा पट्ट्यांचा लोडर होता. तो जागच्या जागी फिरला की गवत सोलतो, म्हणून त्याच्याखाली फळ्या लागतात. फळ्या लागतात म्हणजे माणूस लागतो. मागची पातळ फळी ओढायची, पुढे सरकवायची, उचलायचं काहीच नाही. धाकटा चालवणार, दादा पुढे वाट करत जाणार. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, फळ्या मात्र आधीच गाडीत भरून ठेवल्या होत्या.

"तो काय आहे?" दादाने कोपऱ्यातल्या दुसऱ्या मशीनकडे बोट केलं.

"तो चाकांचा," दुकानदार म्हणाला. "मधून वाकतो. पुढची चाकं जातात तिथूनच मागची जातात, घासायचा प्रश्नच नाही."

"ओंडका लाव त्याला. तू चालव रे," दादा धाकट्याला म्हणाला.

धाकट्याने चालवला. मनात नसताना माणूस जसा चालवेल तसा, करकचून वळवत. पूर्ण गोल फिरवून थांबला तेव्हा दादा लोडरची कड धरून हळूहळू गुडघ्यांवर बसत होता. त्याने गवतावरून तळवा फिरवला. गवत दबलं होतं, मोडलं नव्हतं. त्याच्या हाताखालून एकेक पातं परत उभं राहत होतं.

"याला फळ्या?"

"कशाला?" दुकानदार म्हणाला. "माणूससुद्धा एकच पुरतो. मागे या पायरीवर उभं राहायचं, झालं."

"पण चाक पंक्चर होईल," धाकटा घाईघाईने म्हणाला. "खिळे असतात, काटे असतात. पट्ट्यांचं बरं."

दादा त्याच्याकडे बघत राहिला.

"लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही. कान बघ कसे लाल झालेत."

"खोटं नाही. फळ्या टाकायला कुणीतरी लागेलच ना, मग तू..."

"ते मला मघाशीच कळलं." दादाने उठायला हात पुढे केला. धाकट्याने त्याला धरून उभं केलं. "लोकांची हिरवळ सोलून मला कामावर ठेवणार होय रे, शहाण्या?"

दादा बूट घालायला दुकानाच्या पायरीवर टेकला आणि खाली बघतच दुकानदाराला म्हणाला, "हा चाकांचा पाठवा."

परतताना दादा रस्त्याकडेच्या झाडांबद्दल बोलत राहिला. हे पुढच्या वर्षी जाईल, ते अजून टिकेल. घराजवळ आल्यावर म्हणाला, "गाडीतल्या फळ्या उतरवून टाक. आता उगाच ओझं."

पातळ फळ्या धाकट्याने एकट्याने ओढत शेडमध्ये नेल्या. राहिली ती जुनी, लांब, जाड फळी. तिच्यासाठी तो शेजाऱ्याला हाक मारणार, तेवढ्यात दादा आला.

"डॉक्टर काय म्हणालेत?"

"अर्धी बादली. ही दोघांत अर्धीच झाली की."

"दादा, नको."

"एवढी एक."

धाकटा सवयीने मागच्या टोकाकडे गेला, तर दादा आधीच तिथे उभा होता.

"तू पुढे हो."

धाकटा पुढे गेला. दादाकडे पाठ करून त्याने टोक उचललं, खांद्यावर घेतलं. समोर शेडचं दार उघडं होतं आणि मध्ये कुणाचीच मान नव्हती. मागून फक्त श्वास ऐकू येत होता.

धाकटा वाट बघत उभा राहिला. त्याने मान वळवली नाही.

"चल" यायला बराच वेळ लागला.