बिनअळीची वांगी

मी लालबागच्या सखुबाईंच्या खानावळीतली विळी बोलतेय. कोकणातल्या एका लोहारानं मला घडवलं आणि लग्नानंतर सखुबाईंबरोबर मी मुंबईला आले. गिरणीतली चाळीस माणसं आमच्याकडे जेवायची. वांगं चार फाकांत उघडायचं, अळी दिसली की तेवढा भाग काढून टाकायचा, हे आम्हा दोघींचं रोजचं काम.

मग संप झाला. निम्मी माणसं गावी गेली ती परतलीच नाहीत. उरलेल्यांची आमटी पातळ झाली. सखुबाई वाढण्याआधीच सांगायच्या, "आज डाळ कमी घातलीय." कोणी पानावरून उठलं नाही.

संपाला पंचवीसेक वर्षं झाल्यावर गुणाजी भाजीवाल्यानं वांग्यांचं एक पोतं आणलं. सगळी चिरली, एकातही अळी नाही. मला आनंदच झाला. तेव्हाच शंका यायला हवी होती का, हे मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो आणखी एक पोतं घेऊन आला.

"मावशी, ही आणि कालचीही बियाण्याच्या कंपनीच्या चाचणीच्या शेतातली आहेत. बियाण्यातच काहीतरी घातलंय. अळीनं खाल्लं की अळी मरते."

"आणि माणूस?"

"माणसाला काय नाय होत म्हणतात. सरकारची परवानगी यायचीय अजून."

"तू घरी नेलीस?"

"नाय, घरी नाय नेली."

पोतं परत गेलं, पण कालची भाजी लोकांच्या पोटात गेली होती. सून लतिका म्हणाली, "आई, कोणाला काही झालं का? मग गप्प बसा. सांगितलंत तर उद्या जेवायला कोण येईल?"

"न येवोत. पोट त्यांचं आहे गो."

दुपारी भाताचं पातेलं हातात धरून सखुबाईंनी सगळ्यांना सांगितलं. पंगतीतला धर्मा म्हणाला, "बरंय, आता मला कीड लागायची नाय." दोघेतिघे हसले. लहू हसला नाही. "मावशी, माझी बायको पोटुशी आहे. काल तिला डबा नेला मी."

"चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं."

त्या आठवड्यात सहा जणांनी खानावळ सोडली, लहूनंही. त्याची बायको पुढे सुखरूप बाळंत झाली. एवढ्यावरून ती वांगी निर्धोक होती असं म्हणावं का? आणि विषारी होती असं तरी कशावरून म्हणू? मला माहीत नाही. खाणाऱ्यांनाही माहीत नव्हतं, आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

सखुबाई आता प्रत्येक भाजीवाल्याला बियाणं कुठलं ते विचारतात. तो वैतागला तरी उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. तुम्हीही विचारा. माझं पातं झिजून निम्मं झालंय, तरी पुढ्यात धराल ते मला चिरावंच लागतं. तुम्हाला मात्र 'नाही' म्हणता येतं.