पोटातली टोळी

माझ्या आईला, म्हणजे बायजाबाईला, पाच वर्षांपासून आमवात आहे. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तो समजावून सांगितला. शरीराची राखण करायला ठेवलेली फौज शरीरावरच चाल करून येते, असा हा आजार.

"म्हंजे घरचेच मारतेत," आई म्हणाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोपर्यंत काहीच केलं नव्हतं.

"जिल्हा फुटला तसं का?" तिनं पुढं विचारलं. भंडारा जिल्ह्याचे दोन झाले आणि आईचं माहेर जागचं न हलता गोंदिया जिल्ह्यात गेलं, ते तिच्या अजून मनात आहे.

"तसंच समजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सांधे दुखतात, ते तुम्हाला कळतं. पण आतली सूज हृदयालाही त्रास देते आणि ते आधी सांगत नाही. म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि जेवणात चोथा वाढवा, हळूहळू. बिनपॉलिशचा तांदूळ, डाळी, पालेभाज्या. चोथ्यावर आतड्यातले चांगले जिवाणू जगतात. ते सूज आटोक्यात ठेवायला मदत करतात, असं दिसतंय."

आईनं एवढ्या सगळ्यातून एकच प्रश्न काढला. "मंग यंदा रोवणी जमन का?"

वीस वर्षं आंधळगावच्या शिवारात धान रोवणाऱ्या बायांची टोळी आईनं चालवली. गेले दोन हंगाम ती घरी बसून आहे आणि टोळी चंद्रभागाबाईकडे गेलीय. चंद्रभागाबाईची रांग इतकी वाकडी असते की बगळासुद्धा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, शिरून परत कुठून निघायचं ते विसरतो.

"जुलैत रक्त तपासू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सूज उतरली, बीपी नीट राहिलं, तर बघू."

तेव्हा एप्रिल चालू होता.

मी धानाचं पोतं घेऊन सुखरामच्या मिलवर गेलो. "पॉलिश नको मारू," म्हटलं. सुखरामनं मशीन बंद केली.

"असा तांदूळ कोन खाते? घरी कोनी मेलं का गा?"

"कोणी नाही गेलं."

"मंग माह्याशी काही बिनसलं का?"

शेवटी त्यानं नुसतं फोलपट काढून दिलं. पण मिलचं नाव छापलेलं पोतं परत घेतलं आणि तांदूळ युरियाच्या जुन्या पोत्यात भरून दिला. म्हणाला, "कोनी पायलं तं माहं नाव सांगू नको."

तो तपकिरी भात शिजायला तासभर लागला. आईनं ताट बाजूला सारलं. "हे म्हशीचं होय." अंगणातून म्हैस बघत होती. तिचंही तेच मत दिसलं.

इथं माझ्याकडून चूक झाली. तिनं खावं म्हणून मी म्हणालो, "आई, हे तुझ्यासाठी नाही. तुझ्या पोटात अब्जावधी जीव आहेत, त्यांच्यासाठी आहे."

"जित्ते?"

"जिवंत."

"कई आले?"

"तुझ्या जन्मापासून आहेत."

आई हादरली. "इतके वरीस पाहुने घरात आहेत अन् तू मले आज सांगून रायला?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे चकचकीत पांढरा भात, वर तूप, वर साखर. पहिला घास घेताना आई म्हणायची, "घ्या बाप्पा, लाजू नका." मी परोपरीनं सांगितलं की पांढरा भात वरच पचतो, खाली त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही.

"मंग आनखी वाढू."

"अगं, त्यांना कोंडा लागतो!"

"पाहुन्याच्या ताटात कोंडा? मानसं आहेत का ढोरं आपुन?"

मे असाच गेला. आईची बोटं सकाळी वळत नव्हती, पण पाहुणचारात कुठं कमी पडलं नाही.

जूनमध्ये चंद्रभागाबाई भेटायला आली. खाटेवर टेकून म्हणाली, "बायजा, तू आराम कर वो. टोळीची फिकर करू नको. आता बाया मलेच मुकादम म्हणतेत."

ती गेल्यावर आई 'मुकादम' हा शब्द दोनदा पुटपुटली. मग मला सुचलं.

"आई, ते पाहुणे नाहीत."

"मंग कोन होय?"

"मजूर. आतड्याच्या बांधीत रोवणी करणारी टोळी."

"मुकादम कोन आहे?"

"कोणीच नाही."

आई खाटेची कड धरून उठली. "बिनामुकादमाची टोळी! मंग सूज नाई येईन तं काय होईन? अन् रोवणाऱ्या बायांले पांढरा भात घालते का कोनी? दहा वाजताच भूक लागून बांधावर बसतेत. काहून नाई सांगतलं पयलेच?"

त्या संध्याकाळी तिनं स्वतः तपकिरी भात टाकला. सोबत चण्याची उसळ, तरोट्याची भाजी, जवसाची चटणी. 'हळूहळू' हा शब्द टोळीला लागू नाही, असं तिनं ठरवलं होतं. दोन दिवस पोटात ढोल वाजले. ग्रामसभेत भर भाषणात ते वाजले तेव्हा आईनं पोटावर चापट मारली. "थांबा वो, सरपंच बोलून रायले!" सरपंच थांबले. भाषण तिथंच संपलं. गावानं आईचे आभार मानले. मी मात्र भाताचं माप निम्म्यावर आणलं.

"नवीन टोळी आहे," आईनं मान्य केलं. "बसन हळूहळू."

जुलैत डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला. सूज निम्म्यानं उतरली होती, बीपीही ठीक होतं. "यात गोळ्यांचा हात आहे, चोथ्याचाही असेल. कोणाचा किती, ते मला सांगता येणार नाही."

"रोवणीतबी असंच रायते," आई म्हणाली. "मंग मी जाऊ?"

"चिखलात उतरून वाकायचं नाही. यंदा तरी नाही."

आईचा चेहरा उतरला. रिपोर्टची घडी घालता घालता ती थांबली. "बोलाले मनाई आहे का?"

"बोलायला कशाला असेल?"

आठवड्यानं आई बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री धरून बसली होती. खाली चंद्रभागाबाई आणि बारा बाया ताणलेल्या दोरीच्या कडेनं पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होत्या. दहा वाजता रांग वळायला लागली.

"चंद्रभागा! दोरी पाह! रोवून रायली का जिलेबी काढून रायली?"

बाया हसल्या. चंद्रभागाबाईनं आईकडे पाहिलं, मग दोरीकडे पाहिलं आणि रांग सरळ केली. तिच्यामागच्या बारा जणींनीही केली.

आईनं डबा उघडला. तपकिरी भाताचे चार घास खाल्ले. पोटात हलकंसं गुरगुरलं.

"तुमाले नाई म्हनलं वो," ती पोटाकडे बघून मायेनं म्हणाली, "तुमचं बरोबर चालू आहे."

"कोनाशी बोलून रायली?" चंद्रभागाबाईनं चिखलातून विचारलं.

"दुसऱ्या टोळीशी," आई म्हणाली. "तुमी आपली रांग पाहा."