दोन वाजता उठणारा बाबा

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा सगळं किती सोपं वाटलं होतं. "पोरं हट्टी नाहीत हो, दमलेली आहेत. जेवण, खेळ, झोप रोज ठरल्या वेळी होऊ द्या."

पोरांच्या आईने घरी येऊन वेळा ठरवल्या. आठला न्याहारी, अकराला आंघोळ, बाराला जेवण, एक ते तीन झोप, मग बाहेर खेळ. थोरली ठमी पाच वर्षांची, धाकटा गुंड्या तीनचा. ऐकायला दोनच, पण दोघांनी मिळून तिच्या नाकीनऊ आणले होते.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत नवरा झोपायचा. तो बेकरीत रात्रपाळीला होता. सकाळी सातला पिठाने माखलेला यायचा आणि चहा घेऊन जो आडवा व्हायचा, तो थेट दोनला उठायचा. बाहेरच्या खोलीत ओटा, ती, दोन पोरं आणि शिलाई मशीन. ती कारखान्याच्या शर्टांच्या कॉलरी घरी शिवून द्यायची. गंमत म्हणजे मशीनच्या घरघरीने नवऱ्याची झोप मोडत नसे, पोरांच्या हसण्याने मात्र मोडायची. त्यामुळे दोनपर्यंत घरात सगळी कुजबुज. गुंड्या तर नळालाही "श्श" करायचा.

एक वाजता ती दोघांना घेऊन आडवी व्हायची. मग एकाला पाणी हवं, दुसरीला शू. थोपटून थोपटून हात भरून यायचा. पावणेदोनला कुठे डोळे मिटले की ती हळूच उठून मशीनवर बसायची. पाचसहा कॉलरी होतात न होतात तोच आतलं दार उघडायचं.

"काय गं, पिल्लं झोपली?" म्हणत तो गुंड्याच्या पोटावर दाढी घासायचा. गुंड्या खदखदून हसायचा, ठमी टुणकन उठून बसायची. की संपलं! संध्याकाळी सहाला दोघं ताटावरच पेंगायची आणि आठला ताजीतवानी होऊन घर डोक्यावर घ्यायची. तोवर हा कामावर निघालेला.

पहिल्या दिवशी ती समजुतीने बोलली. चौथ्या दिवशी ओरडली. "हो हो, उद्यापासून नाही," तो म्हणायचा, आणि उद्या पुन्हा येरे माझ्या मागल्या.

नवव्या दिवशी दाढी पोटाला लागली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कॉलरींचा गठ्ठा उचलला. "उठवलीत ना? आता तुम्हीच सांभाळा," म्हणाली आणि चपला घालून निघाली.

कारखान्यातल्या तपासनीसबाईंनी बारा कॉलरी बाजूला काढल्या. "वाकड्या आहेत गं या. लक्ष कुठे असतं तुझं?" तिने तिथल्याच एका रिकाम्या मशीनवर त्या उसवून पुन्हा शिवल्या. जे काम घरी दिवसभर पुरायचं, ते तासाभरात झालं. तिला बरं वाटायला हवं होतं. उलट रडूच आलं.

साडेपाचला घरी आली तर जमिनीवर कणीक, भिंतीवर कणकेचे हात, आणि मधोमध तिघं गाढ झोपलेले.

"अहो, उठा! आत्ता झोपवलंत यांना? आता ही अर्ध्या रात्रीपर्यंत माझा जीव खाणार!"

तो डोळे चोळत उठून बसला. "मी उठतो तेव्हा ती झोपलेली, उठली की बाहेर पळालेली, मी निघतो तेव्हा पेंगलेली. मग मी त्यांना भेटायचं कधी?"

तिचा राग तसूभरही उतरला नव्हता. कणकेचा गोळा खरवडता खरवडता ती म्हणाली, "सकाळी. सातला तुम्ही येता तेव्हा ती टक्क जागी असतात. न्या मैदानात, नऊपर्यंत ओरडू देत, न्याहारी आल्यावर देईन. मग झोपा चारपर्यंत."

"रात्रभर भट्टीसमोर उभा असतो गं मी."

"आणि मी काय दिवसभर बसलेली असते?"

त्याने मशीनकडे पाहिलं. "बसलेलीच असतेस की." तो हसला. ती हसली नाही. त्याचंही हसू मग विरून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दोघांना मैदानात नेलं. नऊला ठमीने येऊन सांगितलं, "बाबा बाकावर झोपला होता, मी उठवला." पण पोरं इतकी धावली होती की एक वाजता थोपटावंही लागलं नाही. ती तीनपर्यंत शिवत राहिली. एकदाही उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नेलं. चौथ्या दिवशी तो आला, "आज नको" म्हणाला आणि आडवा झाला. दार लागलं आणि तिचा सगळा दिवस पुन्हा पालथा झाला.

संध्याकाळी ती त्याला म्हणाली, "रोज जमणार नाही, कळतं मला. पण सकाळी दारात उभं राहून सांगू नका. आदल्या दिवशी सांगा, म्हणजे त्या दिवशी मी जास्तीचं काम घेणार नाही."

आता आठवड्यातले चार दिवस तो नेतो. उरलेल्या तीन दिवसांचं आदल्या संध्याकाळी चप्पल घालताना सांगतो, "उद्या नाही जमणार गं." तिला ते ऐकून अजूनही चीड येते. ती "बरं" म्हणते आणि उद्याचा गठ्ठा निम्मा करून ठेवते.