चौऱ्याण्णव मासे घरी परततात

...तो छाटलेला कोपरा. तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या ट्रेचा एक कोपरा कारखान्यातूनच तिरका कापून येतो, ट्रे सुलट आहे की उलट हे हातांना कळावं म्हणून. शेजारी बसून प्रोग्रॅम लिहिणारा गार्थ त्या ट्रेमध्ये टाचण्या ठेवतो. ओदीलचा अंगठा सकाळपासून त्या कोपऱ्यावर फिरत होता. शहाण्णव खळगे... दोन वर्षांपूर्वी अशाच एका ट्रेमध्ये तिने चौऱ्याण्णव सामन माशांच्या शेपटीचा एकेक कपटा डीएनए तपासायला भरला होता — डावीकडे उत्तरेच्या नदीतले, उजवीकडे दक्षिणेच्या, आणि शेवटचे दोन खळगे रिकामे, मासे पुरले नाहीत म्हणून.

तीन वाजता विभागप्रमुख फेनियाकबाई ठरवणार होत्या : ओदीलला या संगणकांच्या खोलीत खुर्ची द्यायची, की परत खाली प्रयोगशाळेत, हातमोज्यांकडे पाठवायचं.

"बाईसाहेब, तुमच्या माशांनी नद्या बदलल्या," गार्थ पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "झाडून सगळ्यांनी. आता आपण प्रसिद्ध होणार."

"सामन जन्माच्या नदीतच परततो, गार्थ."

"कोण म्हणतं? तुझे बाबा?"

बाबाच म्हणायचे. केप ब्रेटन बेटावर नदीकाठी गळ टाकून, माशाचं तोंड बघून त्याची नदी सांगायचे — आणि मी सहा महिने रडतखडत प्रोग्रॅम लिहायला शिकले ते काय त्यांना खोटं पाडायला?... तिने आकड्यांची यादी उघडली. पहिल्या दोन ओळी शून्य. पहिल्या? रिकामे तर शेवटचे होते.

तिचे कान तापले. तो शुक्रवार, ती हॉकीची मॅच गाठायची घाई, डीएनएच्या यंत्रात सरकवलेला ट्रे — आणि छाटलेला कोपरा नको त्या बाजूला. गार्थच्या प्रोग्रॅमच्या साठ ओळींना हे सापडणं शक्यच नव्हतं. गार्थने आयुष्यात ट्रे भरला होता तो टाचण्यांचा.

तिने एकच ओळ लिहिली : यादी शेवटाकडून वाच. पडद्यावर उत्तरेचे निळे ठिपके निळ्यांत गेले, दक्षिणेचे केशरी केशरींत. चौऱ्याण्णव मासे, शिस्तीत, आपापल्या घरी.

"अगं आई गं," गार्थ म्हणाला. प्रसिद्धी गेल्याचं दुःख त्याने चॉकलेट खाऊन आवरलं.

तीनला पाच कमी असताना फेनियाकबाई तिच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. तिने लिहिलेली ती एक ओळ त्यांनी वाचली.

"कोणी पकडलं हे?"

"मी."

"शाब्बास. आणि ट्रे उलटा कोणी ठेवला होता?"

अंगठा छाटलेल्या कोपऱ्यावर थांबला... उत्तर तेच होतं, आणि — हे तिला स्वतःलाच नवल वाटलं — या खेपेलाही ते तितक्याच ऐटीत ओठांवर येत होतं.